समोरच्या खोलीतल्या खुर्च्या

३ मार्च

नाही, ओल नव्हती. भिंत ठणठणीत कोरडी होती, आहे, आणि हवं तर मेहुण्यांना पुन्हा पाठव, गाल लावून बघू देत. आठ महिने मी तुला 'अजून जरा सुकू दे' सांगत होते ते धडधडीत खोटं होतं. फोनवर तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी 'अगं ऐक तर' म्हणाले. ऐकण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. तू फोन ठेवलास ते बरं केलंस, नाहीतर मी गवंड्याचं नावगावसुद्धा सांगून बसले असते.

आता तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद. कागदाचं एक बरं असतं बारके, मध्येच 'ताई, तू गप्प बस' म्हणता येत नाही.

तू म्हणालीस, तुला आठवतं तरी का काय ठरलं होतं? आठवतं. म्हणून दाखवू? आईला तीन वर्षं तू ठेवून घेतलंस, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये, जिथून ती खाली उतरलीच नाही. ठरलं असं की मी रिटायर झाले की आई माझ्याकडे. माझं तळमजल्याचं घर, समोरची खोली रस्त्याला लागून, खिडकी मोठी, जिना नाही, दिवसभर माणसं दिसतील. हे ठरवलं मीच, तुझ्या स्वयंपाकघरात बसून, मोठ्या तोंडाने. तू म्हणालीस, आई ताईकडे गेली की मी यांच्याकडे जाईन. मेहुण्यांची बदली होऊन दोन वर्षं झाली, शनिवारी येतात, रविवारी जातात. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणायची सोयच नाही.

मेहुण्यांनी माझ्या खिडकीचा फोटो काढला तो नीट बघितलास का? आत अकरा खुर्च्या आहेत. रिकाम्या वेळेचा उद्योग आहे गं, एवढं काय. एखादा महिना दे, खोली रिकामी करते.

ताई

६ मार्च

मागच्या पत्रात मी 'रिकाम्या वेळेचा उद्योग' लिहिलं. पेटीत पत्र टाकल्यावर रस्ताभर तेच टोचत राहिलं. उद्योग नाही, धंदा आहे. एकोणसाठाव्या वर्षी मी माझ्या नावाची कार्डं छापून घेतली आहेत आणि ती पर्समध्ये मेडिकलच्या बिलांच्या मागे लपवून ठेवते, चोरीचा माल असल्यासारखी.

कसं झालं ते सांगते. तू विचारलेलं नाहीस, तरी.

माझ्या निरोपाच्या दिवशी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नवीन फर्निचर आलं होतं. जुन्या वेताच्या खुर्च्या मागच्या अंगणात एकावर एक टाकलेल्या. त्यातली माझी मी लांबून ओळखली. तक्रार खिडकीची. बैठक माझ्या आकाराने खाली गेलेली, डावीकडे जरा जास्त, कारण मी डावीकडे झुकून लोकांचं ऐकायचे. भाषणं झाली, शाल नाही की श्रीफळ नाही, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी म्हटलं, घड्याळ ठेवा, खुर्ची न्यायची आहे. साहेब म्हणाले, घेऊन जा की, सरपणच आहे ते.

घरी आणून करणार काय? उसवली. उसवताना प्रत्येक पट्टी कुठल्या भोकातून येते आणि कुठल्या भोकात जाते ते बघत गेले, वहीत नाही, नुसतं डोळ्यात. मग वेत आणला. वेत आधी कोमट पाण्यात भिजवायचा, ओला असताना विणायचा, भोकाभोकात लाकडी खुंट्या मारून धरून ठेवायचा. वाळला की तो स्वतःच ताणून बसतो. नीट झालं असेल तर बोटाने टिचकी मारली की टण वाजतं. माझी पहिली वाजली नाही. दुसरी नाही. उसवायची, पुन्हा विणायची, बोटांना चिरा, रात्री हात दुधाच्या कोमट भांड्याला लावून बसायचे. मग एकदा वाजली.

त्या दिवशी मी जेवायला विसरले. बारके, तक्रार खिडकीवर मी अकरा वाजल्यापासून डबा हुंगायचे. जेवण विसरणं हे माझ्या आयुष्यात कधी झालेलं नाही.

कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने खिडकीतून ती खुर्ची बघितली आणि त्याच्या दुकानातल्या तीन आणून टाकल्या. मग त्याचे पेशंट. मग पेशंटांचे व्याही. मग मी खिडकीत बोर्ड लावला: वेताच्या खुर्च्या विणून मिळतील. तुला ओलीचं सांगितलं ते त्याच दिवशी. सकाळी बोर्ड लावला, संध्याकाळी तुला फोन केला, आणि 'भिंत जरा ओली लागतेय गं' हे वाक्य तोंडातून असं सरळ बाहेर पडलं की मी स्वतःच भिंतीकडे वळून बघितलं.

ताई

१७ मार्च

काल तू गाडीतून उतरली नाहीस.

मी आतून बघत होते, खुर्च्यांच्या पाठींमधून. तुझं डोकं दिसत होतं. रस्ता पळून जाणार असल्यासारखी त्याच्यावर नजर रोखून बसली होतीस. मी बाहेर यायला हवं होतं, मला कळतं. दारापर्यंत आलेही. मग वाटलं, आले तर तू काच वर करशील, आणि ते सगळ्या गल्लीसमोर. म्हणून आले नाही. म्हणजे मी माझी लाज वाचवली, नेहमीसारखी.

मेहुण्यांनी आईला धरून आणलं, मग बॅग, गोळ्यांचा डबा, वॉकर, तिची उशी. मी म्हटलं, बसा ना. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. अकरा खुर्च्या आणि प्रत्येकीच्या बैठकीला हे एवढं भोक. मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

जाताना म्हणाले, "ताई, हिला काय सांगू?"

म्हटलं, "सांगा, खोली आवरायला घेतलीय."

"हे आठ महिने ऐकतोय," म्हणाले. आवाज न चढवता. तुझा नवरा ओरडत नाही हे त्याचं वाईट आहे.

आईला मागच्या खोलीत माझ्या पलंगावर ठेवलंय. मी पुढे खुर्च्यांच्या मध्ये गादी टाकते. सकाळी वॉकर ठोकत ठोकत ती पुढे आली आणि एकेका खुर्चीला हात लावून विचारायला लागली.

"थोरले, ही कोणाची?"

"चष्मेवाल्याच्या सासूची."

"ही?"

"ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची."

"ही डुलणारी?"

"तीही गिऱ्हाइकाची, आई."

"मग माझी कुठली?"

मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दिलं. बसली बिचारी. स्टुलाला पाठ नसते हे मला तेव्हाच दिसलं.

तू आता तिकडे पोचली असशील. दोन वर्षांनी एका घरात. मेहुण्यांना सकाळी चहा कोणी करून द्यायचा हे ठरलं का? हा विनोद होता. पुढची पत्रं तिकडच्याच पत्त्यावर पाठवते.

ताई

३० मार्च

आई मजेत आहे. तुम्ही फोनवर बोलता तेव्हा मी मागच्या खोलीत निघून जाते आणि कान पुढेच ठेवते, म्हणून मला माहीत आहे की ती तुला 'मजेत आहे' सांगते.

गिऱ्हाईक आलं की तिला चेव येतो. स्टुलावर बसून ती माझा धंदा बुडवते. डॉक्टरीणबाई त्यांची खुर्ची बघायला आल्या होत्या.

आई म्हणाली, "अहो, एवढ्यात नवी येत नाही का?"

"येते की आजी, पण ही माझ्या वडिलांची आहे."

"वडील कुठे असतात?"

"गेले."

"मग बरोबर. असताना कुठे लक्ष जातं खुर्चीकडे."

डॉक्टरीणबाई हसल्या, मी वेत भिजवायच्या टपात मान घातली. त्यांना चहा दिला तर आई म्हणते, "हिच्या हातचा चहा प्या, मला पण गिऱ्हाईक आलं की मिळतो." मी म्हटलं, आई, खोटं बोलू नकोस. म्हणाली, "मी? मी कधी ओल काढली भिंतीतून?"

म्हणजे तू तिला सांगितलंस. सांगणारच.

येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, माझी धाकटी फार करायची माझं. 'करायची' यावर जोर. मी ऐकते आणि खुंट्या ठोकते. खरं सांगू का, सकाळी तिची आंघोळ, गोळ्या, पायाला तेल हे करताना माझा एक डोळा पुढच्या खोलीकडे असतो. वेत भिजलेला असतो आणि तो थांबत नाही, जास्त भिजला की काळा पडतो. आईला घाई करता येत नाही. ती बटण लावायला लागते आणि मला वाटतं, मी लावते, मी लावते, दे इकडे. काल तिने हात बाजूला केला आणि म्हणाली, "लाव बाई. तुझं पाणी निवत असेल."

आणि मागच्या खोलीला खिडकी नाही. तिला रस्ता दाखवणार होते मी. पलंगावरून तिला गॅसचा सिलिंडर दिसतो.

हातातल्या सहा खुर्च्या झाल्या की खोली रिकामी. नवीन काम घेणार नाही. हे मी आज चष्मेवाल्यालाही सांगितलं. तो बरं म्हणाला आणि जाताना एक आरामखुर्ची ठेवून गेला. मी नाही म्हणाले नाही.

ताई

१२ एप्रिल

आईच्या हाताला जरा लागलंय. डावा आहे, म्हणजे जेवायचा नाही. काळजीचं काही नाही. प्लास्टर आहे, पण अगदी मनगटाला, म्हणायलाच प्लास्टर. डॉक्टर म्हणाले या वयात एवढ्यावर निभावलं हे नशीब. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर, रिटायर झालेल्या नर्स आहेत त्या, दिवसातून दोनदा येऊन बघून जातात. तू लगेच निघू नकोस. नुकतं घर लावलंयस.

वॉकर अडकला. एवढंच.

ताई

१३ एप्रिल

वॉकर अडकला नाही.

आईने तुला फोनवर तेच सांगितलं ना, वॉकर अडकला? मी मागच्या खोलीतून ऐकलं. मी तिला काही पढवलं नव्हतं. आमचं त्यावर बोलणंसुद्धा झालं नव्हतं. मी तुला पत्रात एक लिहिलं आणि तिने तुला फोनवर तेच सांगितलं, आपापल्या खोलीतून, न ठरवता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, आणि ती माझ्यापेक्षा सहज बोलली.

काय झालं ते असं.

अर्धी विणलेली बैठक सोडून उठायचं असेल तर त्यावर ओलं फडकं घालून ठेवतात, वेत वाळू नये म्हणून. मी दुपारी आरामखुर्ची निम्म्यावर आणली होती. उभ्या पट्ट्या झाल्या होत्या, आडव्या व्हायच्या होत्या. म्हणजे खाली आधार काहीच नाही, नुसत्या दोऱ्या ओढल्यासारख्या. दारात कुरियरवाला आला म्हणून उठले. फडकं जाड होतं, जुन्या टॉवेलचं, मी घडी करून घातलं. बारके, ते उशीसारखं दिसत होतं. आईला नीट दिसत नाही, आणि पुढच्या खोलीत पाठ असलेली, हात असलेली, वर उशी घातलेली एक खुर्ची तिला दिसली. तिला वाटलं असेल, तिच्यासाठी ठेवली. तिला असं वाटलं असेल, हेच मला सारखं वाटतंय.

ती बसली.

आवाज दोन आले. एक लाकडाचा, एक आईचा. मी दारातून वळले आणि मी खुर्चीकडे बघितलं.

आधी खुर्चीकडे. पुढची पट्टी चिरली होती, जुनं लाकूड, जोडता येईल का नाही, गिऱ्हाइकाला काय सांगू, हे सगळं माझ्या डोक्यातून जाऊन आलं. किती वेळ? श्वासाएवढा. पण आई जमिनीवर होती आणि ती माझ्याकडेच बघत होती. तिला जवळचं दिसत नाही, चेहरे मात्र दिसतात.

म्हणाली, "मोडली का गं?"

मी म्हणाले, "नाही, पुढची पट्टीच फक्त."

उत्तर दिलं मी. ती हात पोटाशी धरून पडलीय आणि मी तिला खुर्चीचा रिपोर्ट दिला. मग धावले. मग सगळं केलं, सिस्टरना हाक मारली, गाडी बोलावली, दवाखान्यात तिची चप्पल छातीशी धरून बसले. पण ते सगळं नंतर.

हे तुला लिहायची गरज नव्हती. आई बोलणार नाही. कोणी बघितलं नाही. कुरियरवाल्याने बघितलं, पण तो सहीसाठी थांबला होता.

ताई

३ मे

तू पत्राचं उत्तर दिलं नाहीस, पण आईला रोज दोनदा फोन करतेस. मेहुण्यांनी तिकडून हाताला लावायचा तो काळा झोळीचा पट्टा पाठवला. आत चिठ्ठी असेल म्हणून मी पाकीट उलटंसुलटं केलं.

खोली रिकामी झाली. खोटं वाटेल म्हणून सांगते, आईला विचार. बोर्ड काढला. झालेल्या खुर्च्या पोचवल्या, न झालेल्या परत केल्या. आरामखुर्चीची पट्टी नवी बसवून दिली आणि विणायचे पैसे घेतले नाहीत. आईचा पलंग खिडकीशी लावला. सकाळी शाळेची मुलं जातात, नंतर भंगारवाला, नंतर समोरच्या घरातली बाई कुत्र्याला घेऊन निघते किंवा कुत्रा बाईला घेऊन. आई त्यांना नावं ठेवत बसते. तिचा चेहरा खुललाय. तुझ्याकडे तीन वर्षं ती तिसऱ्या मजल्यावरून फक्त आभाळ बघत होती, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. लिहून झाल्यावर टोमणा दिसतोय. राहू दे.

मी तिच्याजवळ बसते. स्टुलावर. दिवसभर.

परवा आई म्हणाली, "थोरले, काय करतेयस?"

"बसलेय तुझ्याजवळ."

"हाताने काय करतेयस?"

बघते तर तिच्या पांघरुणाची किनार मी वीतभर उसवली होती. दोरे काढून मांडीवर सरळ लावून ठेवले होते, एकसारखे.

आईने पांघरूण स्वतःकडे ओढून घेतलं.

ऑफिसला जायचे तेव्हा मी रोज नऊ तास घरात नसायचे, बारके. बाबांच्या शेवटच्या महिन्यातही. तू दवाखान्यात रात्री काढल्यास आणि सगळे नातेवाईक म्हणत होते, थोरली बिचारी कामावर जाते, तिला कुठे सुट्टी मिळणार. कोणी मला बोललं नाही. मीही स्वतःला बोलले नाही. लोकांच्या नळाला पाणी का येत नाही याची मला काडीची पडलेली नव्हती, पण तिकडे जायला मला कधी चोरट्यासारखं वाटलं नाही. आणि आता एक गोष्ट आहे जी मला हवी आहे, नुसती हवी आहे, तर तिचे दोन तास मागायला जीभ उचलत नाही. लग्न नाही, मूल नाही, म्हणून माझा वेळ सगळ्यांच्या घरचा होता, आणि मी ते ऐकत आले कारण वेळ घेऊन करायचं काय हे मला माहीत नव्हतं. माहीत झालं ते नेमकं आत्ता.

हे वाचून तू म्हणशील, झालं, आता बाई वकिली करायला लागली. हो.

ताई

२० मे

चष्मेवाल्याच्या दुकानामागे एक खोली आहे. तो खोकी ठेवायचा. नळ आहे, वरून उजेड येतो. मी घेतली. सोमवारपासून जातेय.

रागावण्याआधी पुढचं वाच. सगळं लावून दिलंय. सकाळी आंघोळ, नाश्ता, गोळ्या मी करून निघते. दुपारी सिस्टर येतात, जेवण गरम करून देतात, त्यांना मी पगार देते, उपकार नाहीत. संध्याकाळी मी घरी. आईचा हात बरा आहे, प्लास्टर निघालं. तिला खिडकी आहे, रस्ता आहे, पाठ असलेली खुर्ची आहे. माझी ऑफिसातली, तक्रार खिडकीची, तिच्यासाठी ठेवली. ठरलं होतं ते सगळं झालं बघ: तळमजला, समोरची खोली, माणसं. तू म्हणशील त्या कलमावर सही करते.

आईनेच सांगितलं, जा. म्हणाली, तुझ्या हाताला काम नाही आणि मला झोप नाही, जा बाई एकदाची.

ताई

२४ मे, सकाळी

आईने असं काही सांगितलं नाही.

ते वाक्य मी बनवलं. छान जमलं होतं, अगदी तिच्यासारखं, म्हणून मला स्वतःलाही दोन दिवस खरं वाटलं. झालं असं की मी तिला विचारलं, "आई, मी दिवसा जरा जाऊ का कामाला?" तिने खिडकीतून तोंड वळवलं नाही. मग म्हणाली, "ऑफिसात जायचीस तेव्हा विचारून जायचीस का?" मी म्हटलं नाही. "मग आता का विचारतेस? मी हो म्हणावं म्हणून?"

ती म्हणाली, "मी हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही. तुझं तू बघ."

एवढंच. त्याचं मी 'जा बाई एकदाची' केलं.

आणि अजून एक राहिलं. मी दाराला बाहेरून कुलूप लावते.

पहिल्या दिवशी लावलं नव्हतं. संध्याकाळी आले तर आई बाहेरच्या पायरीवर उभी, वॉकर आत, एक हात चौकटीला, आणि समोरच्या घरातली ती कुत्र्यावाली बाई तिला धरून. बाई म्हणाली, "तासभर उभ्या आहेत हो. आत चला म्हटलं तर म्हणतात, थोरली येईल आता." आईने मला बघितलं आणि त्या बाईलाच खोटं पाडल्यासारखं म्हणाली, "मी काही वाट बघत नव्हते. वारा खात होते."

पायरीवरून पडली असती तर आता मनगट नाही, खुबा गेला असता. म्हणून कुलूप. एक चावी सिस्टरांकडे, एक माझ्याकडे. आईला मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "लाव. तिसऱ्या मजल्यावर कुलूप लागायचं नाही, जिनाच होता." सिस्टर म्हणतात, पुष्कळ घरांत लावतात, तुम्ही एकट्या नाही. ऐकून बरं वाटायला हवं होतं.

तुला हे कळल्यावर तू येशील. आईला घेऊन जाशील, पुन्हा मेहुण्यांचं घर सोडून, नाहीतर आता दोघांच्या मध्ये तिला घालून. मला ते नको आहे. आणि कुठेतरी, बारके, अगदी तळाशी, मला तेच हवं आहे, आणि तू आलीस तर मी तुला थांबवणार नाही याची मला खात्री आहे.

मी काम थांबवणार नाही. माफी मागून थांबणं मला जमलं असतं तर या महिन्याच्या सुरुवातीलाच जमलं असतं, खोली रिकामी होती, आई खुश होती, मी स्टुलावर होते. सतरा दिवस बसले. त्यानंतर जे माझ्या डोक्यात यायला लागलं ते मी तुला लिहिणार नाही. कुलूप त्यापेक्षा बरं आहे.

नऊ वाजायला आलेत. मी हे मागच्या खोलीत लिहितेय. बाहेर जायची वाट एकच, समोरच्या खोलीतून, तिच्या पलंगाला लागून. रोज या वेळी ती डोळे मिटते. झोपत नाही. झोपली की तिचा श्वास वेगळा येतो, मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. मी पलंगापाशी पोचले की तिच्या पापण्या घट्ट होतात, लहान मूल लपंडावात मिटतं तशा. मला जाता यावं म्हणून. पहिल्या दिवशी मी थांबले होते. 'आई' म्हणून हाक मारली होती. तिने डोळे उघडले आणि मग मला बसावं लागलं, अर्धा तास.

म्हणून आता थांबत नाही.

पत्र जाताना पेटीत टाकते. तू येशील तेव्हा सिस्टरांकडून चावी घे. मी दुकानात असेन, तिकडे येऊन बोलायचं ते बोल, गिऱ्हाईक असलं तरी बोल.

तिने कूस बदलली. आता डोळे मिटले असतील. चप्पल हातात घेते, बाहेर जाऊन घालीन.